सोरायसिस आणि ताट : पहिल्या काही महिन्यांची वही

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सौद्यांच्या हंगामात संध्याकाळी घरी गेलो की आंघोळीचं पाणी पिवळं निघतं. आणि गेली चौदा वर्षं माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर, टाळूवर सोरायसिस आहे. तेव्हा "हळद लावून बघितली का?" असं ज्यांना विचारायचंय, त्यांना उत्तर मिळालंच असेल.

हे लिहितोय ते नुकतंच निदान झालेल्यांसाठी. तुमच्या हातात एव्हाना प्रत्येकानं एकेक पथ्य ठेवलं असणार. वांगं बंद, दूध बंद, आंबट बंद, मीठ बंद, गहू बंद. मी हे सगळं एका सोमवारपासून एकदम बंद केलं होतं. दोन महिने भाकरी आणि अळणी मुगाची आमटी. चिडचिड वाढली, घरात दोन स्वयंपाक होऊ लागले, त्वचा मध्येच बरी वाटली आणि मध्येच भडकली. कशानं बरी, कशानं भडकली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दहा रकमा एका ओळीत कोंबल्या की ताळा जमत नाही, हे माझ्या धंद्यातलं पहिलं कलम. घरी मात्र ते सुचायला मला तीन वर्षं लागली.

ताटाला हात लावण्याआधी

पहिलं काम त्वचारोगतज्ज्ञाकडून पक्कं निदान. आपल्याकडे गजकर्णालाही सोरायसिस म्हणतात आणि सोरायसिसवर गजकर्णाची मलमं चोळतात. मिरज जवळ असल्यानं आपल्या भागात डॉक्टरांची वानवा नाही, तेव्हा हे काम मेडिकलवाल्यावर सोपवू नका.

हा रोग रक्त "खराब" झाल्यानं होत नाही आणि शिवल्यानं पसरत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीची हाकाटी करते आणि त्वचेच्या पेशी घाईनं तयार होतात. एरवी त्वचेचा थर बदलायला महिनाभर लागतो, सोरायसिसमध्ये तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. जुनी पेशी गळायच्या आत नवी वर येते, म्हणून खवले साचतात. कीर्दीवर वाकलो की काळ्या शाईवर पांढरा भुसा पडायचा. मी तो फुंकरीनं उडवायचो आणि कुणी पाहिलं का ते बघायचो.

आता औषधांचं. आहार बदलताय म्हणून चालू औषध स्वतःहून थांबवू नका, आणि तीन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या. मेथोट्रेक्सेटची गोळी असेल तर ती बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्या. त्या गोळीबरोबर दारू म्हणजे यकृतावर दुहेरी भार. सायक्लोस्पोरीन चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड पपनस टाळायचं, कारण त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपल्याकडे पपनस परसात असतं आणि फळच आहे म्हणून कुणाला शंका येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि पुड्या. तिसऱ्या वर्षी एका ओळखीच्यानं बिननावाच्या पुड्या आणून दिल्या, "शंभर टक्के झाडपाला" म्हणून. बारा दिवसांत अंग लख्ख झालं. मी आनंदानं त्याला कंदी पेढे दिले. पुड्या संपल्या आणि पंधरवड्यात पूर्वी कधी नव्हतं ते पाठीवरही उमटलं. डॉक्टरबाईंनी पुडीचा रिकामा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "यात स्टिरॉइड असणार." सोरायसिसमध्ये पोटातून घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबलं की रोग दुप्पट जोरानं उसळू शकतो, कधी पू भरलेल्या फोडांसह. झटपट गुण देणाऱ्या बिननावाच्या वस्तूपासून लांब राहा. कुठलंही पथ्य ते नुकसान भरून काढत नाही.

वही उघडा, आणि चार आठवडे काहीच बदलू नका

हे ऐकायला वेडगळ वाटेल. पण आधीची शिल्लक माहीत नसेल तर पुढचा जमाखर्च कशाशी ताडून बघणार?

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ: काय खाल्लं, किती चहा, दारू-सिगारेट, झोप, ताप-घसा, काही ताण. घशाची नोंद विसरू नका. घशातल्या जंतुसंसर्गानंतर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, अंगभर थेंबाथेंबांसारखा सोरायसिस उमटतो, आणि दोष जातो आदल्या आठवड्यात खाल्लेल्या भेळेला. रक्तदाबाची काही औषधं, मलेरियावरच्या काही गोळ्या, डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा, खाजवून झालेली जखम, यांनीही तो वाढतो. हे सगळं वहीत नसेल तर बिचारं वांगंच पकडलं जातं.

आठवड्यातून एकदा मोजणी. माझा रविवार ठरलेला. सकाळी चहाआधी वजन. मग बेंबीच्या पातळीवर शिंप्याची टेप, पोट आत न ओढता. मग हाताचा तळवा. आपला स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. चट्टे किती तळव्यांनी झाकतील ते मोजायचं. सगळे लहानमोठे तुकडे मनात एकत्र जुळवायचे, वाटणीचा सातबारा करतात तसे. तीनपेक्षा कमी तळवे म्हणजे सौम्य, तीन ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. टाळू, तळहात, नखं किंवा गुप्तांगावर असेल तर कमी जागा असूनही त्रास मोठा, ते वेगळं लिहा. पाठीचं माप मला जमत नाही, ते आमची सौभाग्यवती घेते आणि दर वेळी अर्धा तळवा जास्तच सांगते. शेवटी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, मोबाइलवर फोटो.

आठवड्याला एकच मोजणी का? आज खाल्लं आणि उद्या चट्टा आला असा सरळ हिशोब या रोगात क्वचितच लागतो. फरक आठवड्यांनी दिसतो. रोज आरशासमोर उभं राहिलात तर रोज नवा गुन्हेगार सापडेल.

याच महिन्यात रक्तदाब, साखर, चरबी आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. सोरायसिसबरोबर मधुमेह, हृदयविकार, चरबीयुक्त यकृत यांची शक्यता वाढलेली असते. आहार बदलायचं अर्धं कारण ते आहे.

आकडा कुठला हलवायचा

आहार आणि सोरायसिस यावर कुणीही काहीही सांगतं. पुरावा सगळ्यांत भक्कम आहे तो एकाच गोष्टीचा, तो म्हणजे जादा वजन उतरवणं. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळानं २०१८ मध्ये ५५ अभ्यास तपासून शिफारशी काढल्या. त्यांत ठामपणे सांगितलं ते इतकंच: वजन जास्त असेल तर कमी उष्मांकांच्या आहारानं ते उतरवा. डेन्मार्कमध्ये वजन जास्त असलेल्या ६० रुग्णांवर १६ आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारगटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १५ किलो जास्त उतरलं. त्वचेवरचा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर काठावर राहिला, पण रोजच्या जगण्यातला त्रास स्पष्ट कमी झाला. (तो आहार सुरुवातीला दिवसाला ८०० ते १००० उष्मांकांचा होता, देखरेखीखाली. घरी तसलं करू नका, चक्कर येऊन पडाल.)

कारण समजायला सोपं आहे. पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती दाह वाढवणारी रसायनं सोडते, आणि त्यांतल्याच एकाला, टीएनएफला, अडवण्यासाठी सोरायसिसची काही महागडी इंजेक्शनं आहेत. शिवाय वजन जास्त असलं की औषधं कमी लागू पडतात, तेही आहेच.

आपल्या भारतीय बांध्यासाठी उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक (बीएमआय) २३ च्या वर गेला की जादा आणि २५ च्या वर स्थूल धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. माझी उंची १६५, सुरुवातीचं वजन ८१, म्हणजे निर्देशांक जवळजवळ ३०. कंबर १०२. मी ठरवलं होतं पाच ते दहा टक्के, म्हणजे चार ते आठ किलो, आणि त्याला एक वर्ष. तुमचं वजन मुळात बरोबर असेल तर हा भाग सोडून पुढे जा. उगाच वाळून त्वचा सुधारत नाही.

आमच्या घरातली गळती दोन ठिकाणी निघाली. पहिली चहा. सौद्याच्या दिवशी सात कप होतात, कारण प्रत्येक व्यापारी चहा सांगतो. कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा, म्हणजे ७० ग्रॅम साखर, २८० उष्मांक, पाणी पिता पिता. आता दोन कप, कपाला अर्धा चमचा. गुळाचा चहा घेऊन मी बरेच दिवस स्वतःला फसवलं. कराडचा असो की कोल्हापूरचा, शरीराच्या हिशोबात गूळ साखरेच्याच खात्यात पडतो.

दुसरी गळती तेल. चार माणसांना महिन्याला पाच लिटर लागत होतं. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक, पोहे खायचा मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० च्या आसपास. भाज्या बदलल्या नाहीत, कढईत ओतायची सवय बदलली: एक तारखेला तीन लिटर वेगळ्या डब्यात काढायचं आणि महिना त्यात भागवायचा. पहिल्या महिन्यात पंचवीस तारखेलाच तळ दिसला, शेवटचे दिवस आमटी आणि भाकरीवर काढले. दुसऱ्या महिन्यापासून जमलं. भडंग अजून खातो, पण वाटीनं. पूर्वी परातीत पेपर पसरून बसायचो.

उपवासाबद्दल एवढंच की 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वर केळ्याची शिकरण. वहीत लिहून पाहा.

ताटात काय यावं

इथे आपण नशीबवान आहोत, कारण ताट नवं शोधायचं नाही. फ्रान्समध्ये पस्तीस हजारांवर लोकांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. भूमध्य समुद्राकाठच्या पद्धतीनं, म्हणजे भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, सुकामेवा आणि कमी लाल मांस असं जेवणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी आढळला. पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण त्या यादीतलं बरंचसं माझी आजी जतला खात होती, ऑलिव्ह तेलाचं नाव न ऐकता.

दुपारी शाळूची एक किंवा दीड भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ वाटीभर, पालेभाजी दोन वाट्या, काकडी-मुळा-कांदा, ताक. पालेभाजीत मेथीवर थांबू नका. चाकवत, तांदुळजा, पोकळा, अंबाडी, शेपू, बाजारात जुड्या पडलेल्या असतात. रात्री तेच, भाकरी एक. भात आवडत असेल तर खा, पण मग भाकरी कमी.

जवसाची चटणी रोज एक चमचा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, सुकं खोबरं थोडं, लाल तिखट, मीठ, जाडसर कुटायचं. अख्खे जवस खाल्ले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटणं महत्त्वाचं. जवसातलं ओमेगा-३ (एक उपयोगी चरबी) शरीरात माशाच्या ओमेगा-३ मध्ये फार थोडंच बदलतं, तेव्हा तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. कोकणातून आपल्याकडे येतात, पापलेटाहून स्वस्त, आणि ओमेगा-३ ची चरबी हेच त्यांचं मोल. तव्यावर, तळून नको. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र २०१८ च्या त्या शिफारशींत बसलेल्या नाहीत.

मटणाला मी नाही म्हणत नाही. रविवारी रस्सा असतो, पण वाटी एक, आणि वरचा तवंग पळीनं काढून. फळ अख्खं खावं. द्राक्षांच्या हंगामात घोसामागून घोस संपतात, आणि बेदाणा म्हणजे चौपट द्राक्षं मूठभर जागेत, हे तासगावच्या पाहुण्यांनी पिशवी दिली की आठवावं.

हळदीबद्दल माझ्या धंद्याला जागून सांगतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला तिचा अभिमान आहे. पण तिचा गुण ज्यात मानतात ते कर्क्युमिन असतं वजनाच्या तीन ते पाच टक्के, आणि आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. भाजीतली हळद खुशाल घाला. भरमसाठ मात्रेच्या कॅप्सूल, मिरीचा अर्क मिसळलेल्या तर विशेषच, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि आपल्यातले बरेच जण यकृतावर भार टाकणारी औषधं आधीच घेतात.

आता एकेक बंद करून पाहा

वजनाचं गाडं तीन महिने नीट चाललं की मग हा प्रयोग. नियम असा: एका वेळी एकच पदार्थ, सहा आठवडे पूर्ण बंद, मग परत सुरू, आणि बाकी सगळं आहे तसं.

सुरुवात दारूपासून, कारण तिच्याविषयी शंका फारशी नाही. बिअर "हलकी" म्हणून सूट मागू नका. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात नेहमीच्या बिअरचाच सोरायसिसशी संबंध दिसला होता. सिगारेटही याच ओळीत, ती खाण्यात बसत नसली तरी.

गहू मात्र आपल्या मनानं सोडू नका. आधी सीलिॲक रोगाची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला इजा होते त्या रोगाची, रक्ततपासणी करा, आणि ती गहू खात असतानाच करा. गहू सोडून गेलात तर तपासणी खोटी "नाही" सांगू शकते. तपासणीत दोष निघाला तर गहू सोडून फायदा होऊ शकतो. नाही निघाला, तर चपाती सोडायला पुरावा नाही. भाकरी आवडते म्हणून खाणं वेगळं.

आणि वांगं. अमेरिकेत १,२०६ रुग्णांना विचारलेल्या एका पाहणीत काहींनी वांगं-टोमॅटो-बटाटा-मिरची सोडून बरं वाटल्याचं सांगितलं. आठवणीवरची उत्तरं, एवढाच आधार. मी सहा आठवडे वांगं सोडलं. कृष्णाकाठच्या माणसाला ही शिक्षा काय असते ते सांगलीबाहेर कळणार नाही. तळवे: पहिल्या रविवारी सहा, शेवटच्या रविवारी सहा. मग शनिवारी भरली वांगी केली, ती पांढरट-हिरवी, काटेरी देठांची, शेंगदाण्याचं कूट भरून. दोन रविवार वाट पाहिली. सहाच. यार्डातले हमाल मामा म्हणाले, "दिवाणजी, उगं सहा आठवडं उपाशी मेला की!" पण माझ्या वहीत ते उधळलेले दिवस नाहीत. वांगं निर्दोष सुटलं, आणि आता लग्नाच्या पंगतीत कुणी ओरडलं तर मी ताट सरकवत नाही. तुमच्या वहीत उलटं निघालं तर तुमचं वांगं बंद. दूध, टोमॅटो, कशाचाही असाच निकाल लावा. दूध-माशाच्या विरुद्धाहाराच्या वादात मी पडत नाही. आमच्याकडे ते तसंही एका ताटात येत नाही.

दोघांनी मात्र हे प्रयोग करू नयेत: वाढत्या वयाची मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी मात्रा विचारून घ्या, साखर एकदम खाली जाते.

माझा ताळेबंद, आणि वही कधी मिटायची

अकरा महिन्यांत वजन ८१ वरून ७३, कंबर १०२ वरून ९३, तळवे नवावरून चार. त्यात मलमाचा आणि गोळीचाही वाटा आहे, किती कुणाचा ते वेगळं काढता येत नाही. दोन हिवाळ्यांत परत सहापर्यंत गेले. सोरायसिस मुळापासून गेला असं मी लिहू शकत नाही, आणि आहारानं मुळापासून घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सकाळी उठल्यावर बोटं, टाच किंवा कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असेल, एखादं बोट वाटाण्याच्या शेंगेसारखं सुजलं असेल, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे असतील, तर सांध्यांचा सोरायसिस असू शकतो. सांधा एकदा झिजला की परत येत नाही, म्हणून त्या आठवड्यातच दाखवा. अंग सगळं लालबुंद झालं, थंडी-ताप भरला, पुवाचे फोड आले, तर वही घरी ठेवून थेट दवाखाना गाठा.

एरवी डॉक्टरांकडे जाताना वही न्या. पहिल्या पानावर चालू औषधांची नावं आणि वार, दुसऱ्यावर रविवारच्या आकड्यांचे तीन रकाने: वजन, कंबर, तळवे. बाकीची पानं डॉक्टर वाचणार नाहीत. आमच्या डॉक्टरबाई दुसरं पान बघतात, पेनानं एक रकाना गोल करतात आणि मगच चष्मा काढून माझ्याकडे बघतात.